नळीचं दुसरं टोक

कुर्ल्याला अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, छोटं गॅरेज होतं. प्रीमियरचा कारखाना जवळच, त्यामुळे दारात उभ्या असलेल्या बहुतेक गाड्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीच. टॅक्सीवाला येऊन सांगायचा, "शेठ, गाडी ऑइल खातेय." अण्णा इंजिन चालू ठेवायला सांगत, ऑइल भरायचं झाकण काढत आणि त्या उघड्या तोंडावर तळहात धरत. हाताला गरम हवेचे धक्के बसले की निदान झालेलं असे. "बॅक कॉम्प्रेशन मारतंय. रिंगा गेल्या." मग मला हाक मारत. "ये गं, तूही हात धर." मी दहा-अकरा वर्षांची असेन. तळव्यावर ऊब लागायची, जळक्या तेलाचा वास यायचा आणि हात काढला की बारीक चिकट थेंब दिसायचे.

अण्णा सांगत, "इंजिन नवं असलं तरी थोडा श्वास सोडतंच. त्याला वाट ठेवावी लागते. नाही ठेवली तर ते सील फोडून वाट काढतं."

पुढे मी इंजिनिअर झाले, स्टुटगार्टला आले आणि नोकरीची सगळी वर्षं इंजिनाच्या चाचणी-बाकावर काढली. तिथे हाच श्वास मीटर लावून मिनिटाला किती लिटर असा मोजत असू. निवृत्तीनंतर शेजारच्या आजोबांच्या जुन्या पोर्शमुळे त्या श्वासाचा इतिहासही शोधावा लागला. मोटारीच्या इतिहासात लोक अश्वशक्ती, वेग, शर्यती यांबद्दल भरभरून लिहितात. पण इंजिनाच्या पोटातला वाफारा घेऊन जाणाऱ्या नळीचं दुसरं टोक कुठे सोडायचं, या साध्या प्रश्नानं अर्ध्या शतकात जेवढे बदल घडवले तेवढे फार थोड्या गोष्टींनी घडवले असतील.

आधी हा श्वास येतो कुठून ते सांगते. पिस्टनला रिंगा असतात, पण त्यांच्या टोकांत फट ठेवावीच लागते. स्फोटाच्या दाबाखाली जळलेल्या आणि न जळलेल्या वायूचा थोडा अंश त्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, उतरतो. त्यात पेट्रोलची वाफ असते, आम्ल असतं आणि पाणी असतं. पाण्याचं ऐकून लोक चकित होतात, पण १ लिटर पेट्रोल पूर्ण जळलं की त्यातून साधारण १ लिटर पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं पोटात उतरतं. ते वेळेवर बाहेर काढलं नाही तर तेलात मिसळून त्याचा गाळ होतो. थंडीत जवळच्याजवळ फिरवलेल्या गाडीचं झाकण उघडा, आतल्या बाजूला लोण्यासारखा पिवळट-पांढरा थर दिसेल. तेच ते पाणी.

अगदी सुरुवातीच्या काळात हा प्रश्न फारसा जाणवत नव्हता. पुष्कळ इंजिनांत तेल थेंबाथेंबानं सोडायचं, ते एकदाच वंगण करायचं आणि जळून किंवा गळून जायचं. तेच तेल पुन्हापुन्हा फिरवायला लागल्यावर मात्र ते स्वच्छ ठेवणं भाग पडलं. तेव्हा आला एक साधा पाइप. क्रँककेसपासून निघून गाडीखाली उतरणारा, तळाशी तिरका कापलेला. गाडीनं वेग धरला की त्या तिरक्या तोंडापाशी ओढ तयार व्हायची आणि पोटातला वाफारा रस्त्यावर खेचला जायचा. त्याच्या जागी ताजी हवा ऑइलच्या झाकणातल्या जाळीतून आत यायची. कित्येक दशकं जगभरच्या गाड्या अशाच चालल्या. आपल्या जुन्या ॲम्बॅसडरच्या इंजिनाच्या कुशीतून खाली उतरणारा पाइप ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे वेगळं समजवायला नको. सिग्नलला गाडी उभी राहिली की मात्र ओढ संपे आणि वाफारा आतच कोंडून राही. चालती असली की तेलाचे थेंब रस्त्यावर. अमेरिकेतल्या जुन्या काँक्रीटच्या हमरस्त्यांवर प्रत्येक लेनच्या मधोमध काळा पट्टा दिसायचा, त्यात या पाइपांचा मोठा वाटा होता.

पहिला बदल युद्धानं केला. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे आणि लष्करी गाड्या खोल पाण्यातून पलीकडे न्यायच्या होत्या. पोटातून खाली उघडणारा पाइप असेल तर पाणी सरळ इंजिनात शिरणार. म्हणून पाइपाचं टोक बाहेर सोडण्याऐवजी इंजिनाच्याच इनटेकला जोडलं आणि मध्ये एक स्प्रिंगची झडप बसवली. इंजिन आपलाच वाफारा ओढून घेऊन जाळू लागलं. आयडलिंगला इनटेकची ओढ फार असते, तेव्हा झडप थोडीच उघडी राहते. जोर लावला की जास्त उघडते, आणि बॅकफायर झाला तर मिटून ज्वाला पोटात जाऊ देत नाही. पाण्यापासून बचाव म्हणून काढलेली ही युक्ती युद्धानंतर बराच काळ मागे पडून राहिली.

ती पुन्हा वर आली ती लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे. तिथल्या कॅलटेकमध्ये एरी हागेन-स्मिट हे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ होते. त्याआधी ते अननसाच्या वासाची रसायनं शोधत होते. १९५० च्या सुमारास त्यांनी दाखवून दिलं, की शहरातली ती डोळे चुरचुरवणारी हवा म्हणजे गाड्यांमधल्या न जळलेल्या इंधनाची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर सूर्यप्रकाशानं केलेला खेळ आहे. त्यातून ओझोन तयार होतो. हा ओझोन मोजायला त्यांनी वापरलेलं एक साधन मला फार आवडतं: वाकवून ताण दिलेली रबराची पट्टी. ओझोन रबराला तडे पाडतो. किती वेळात किती खोल तडा गेला यावरून हवेत ओझोन किती ते कळायचं. ही पट्टी लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येणार आहे.

गाडीतून बाहेर पडणाऱ्या न जळलेल्या इंधनातला साधारण पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून न जाता त्या तिरक्या पाइपातून जात होता. आणि तो थांबवणं सगळ्यात सोपं होतं, कारण युक्ती तयार होती. म्हणून मोटारीच्या प्रदूषणावर अमेरिकेत पहिली सक्ती झाली ती याच नळीवर, १९६१ साली, कॅलिफोर्नियात. १९६३ च्या मॉडेलांपासून अमेरिकी कारखान्यांनी ती देशभर आपणहून बसवली. १९६८ च्या मॉडेलांपासून संघराज्याच्या नियमानं क्रँककेसचा वाफारा हवेत सोडायला पूर्ण बंदी आली. युरोपात १९७० च्या नियमांत क्रँककेसच्या वायूंची स्वतंत्र चाचणी आली. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यायच्या कितीतरी आधी हा एक होज हवेसाठी काम करू लागला होता.

आता स्टुटगार्ट. १९६३ च्या सप्टेंबरात फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पोर्शनं ९०१ नावाची गाडी मांडली. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोनं हक्क सांगितल्यावर तिचं नाव ९११ झालं. मागे बसवलेलं, हवेनं थंड होणारं, सहा सिलिंडरचं आडवं इंजिन, १९९१ सीसी, १३० अश्वशक्ती. फर्डिनांड पीएश आणि हान्स मेत्सगर ही या इंजिनाशी जोडलेली दोन मोठी नावं. आधीच्या प्रयोगातल्या इंजिनात तेल नेहमीसारखं खालच्या चेंबरमध्ये होतं. विक्रीच्या गाडीत मात्र ड्राय संप आला, म्हणजे तेल इंजिनाखाली न साठवता वेगळ्या टाकीत ठेवायचं. शर्यतीच्या आणि वेगवान गाड्यांत ही पद्धत रुळलेली होती. याच शहरात अंटरट्युर्कहाइमला मर्सिडीजनं १९५४ मध्ये ३०० एसएलला ती दिली, त्याच वर्षी इंग्लंडात जॅग्वारनं डी-टाइपला. तेलाचं चेंबर काढून टाकलं की इंजिन खाली बसवता येतं, आणि वळणावर तेल एका बाजूला धावून पंप कोरडा पडत नाही.

ड्राय संपमध्ये दोन पंप असतात. एक पोटात पडलेलं तेल उपसून टाकीत पाठवतो, दुसरा टाकीतलं तेल दाबानं बेअरिंगांना देतो. उपसणारा मुद्दाम मोठा ठेवतात, कारण पोटात तेल साचू द्यायचं नसतं. मोठा असल्यामुळे तो तेलाबरोबर पुष्कळ हवाही उपसतो. म्हणजे टाकीत येतो तो फेस. तो शांत व्हायला टाकी मोठी लागते, आणि सुटलेल्या हवेला बाहेर जायला वाट लागते. म्हणजे श्वास घेणारे आता दोघं झाले: इंजिनाचं पोट आणि तेलाची टाकी. त्यात हे इंजिन आडवं. समोरासमोरचे दोन पिस्टन एकदमच बाहेर जातात आणि एकदमच आत येतात. एक जोडी बाहेर असते तेव्हा दुसरी आत येत असते, त्यामुळे पोटातली एकूण जागा फारशी बदलत नाही, पण हवा या कप्प्यातून त्या कप्प्यात सारखी ढकलली जाते आणि तेलाचे कण उडवत राहते.

यावर त्यांनी काढलेला मार्ग मला आजही सुंदर वाटतो. क्रँककेसच्या माथ्यावर एक ब्रीदर, तिथून जाड होज तेलाच्या टाकीच्या वरच्या भागात. टाकीत वाफाऱ्याचा वेग एकदम मंदावतो, जड थेंब खाली तेलात पडतात. उरलेला हलका वाफारा टाकीच्या माथ्यावरून दुसऱ्या होजनं एअर क्लीनरला जातो आणि इंजिनात जळतो. वेगळा विभाजक नाही, वेगळं भांडं नाही. जी टाकी तेल साठवायला हवीच होती तिच्याकडूनच गाळायचं कामही करून घेतलं.

शेजारच्या आजोबांची गाडी १९७२ ची ९११ टी आहे. २३४१ सीसी, झेनिथचे कार्ब्युरेटर. याच टी प्रकारातली गाडी चालवून विक एल्फर्डनं १९६८ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकली होती, हे आजोबा पहिल्या भेटीत सांगतात. १९७२ च्या मॉडेलची गंमत तेलाच्या टाकीत आहे. आधी टाकी उजव्या मागच्या चाकाच्या मागे होती. गाडीचं वजन मागे जास्त पडतं म्हणून ती चाकाच्या पुढे आणली. तेल भरायचं झाकणही उजव्या दाराच्या मागे बाहेरच्या बाजूला, पेट्रोलच्या झाकणासारख्याच फ्लॅपखाली आलं. पंपावरच्या पोऱ्यांनी त्यात पेट्रोल ओतल्याचे किस्से तेव्हापासून सांगितले जातात. पुढच्या वर्षी टाकी परत मागे गेली. त्या एका वर्षाच्या गाड्यांचे होज मात्र कायमचे निराळे राहिले.

गेल्या हिवाळ्यात आजोबा दारात आले. "तुम्ही इंजिनवाल्या ना? हीटर लावला की आत तेलाचा वास येतो, आणि बाहेर फ्लॅपखाली डाग पडतो." गाडी त्याआधी एका वर्कशॉपमध्ये जाऊन आली होती. मी मागचं झाकण उघडलं. क्रँककेसकडून टाकीकडे जाणारा होज कापून टाकलेला. ब्रीदरच्या तोंडावर मुठीएवढा छोटा फिल्टर बसवलेला, टाकीचं तोंड बुचानं बंद. टाकीकडून एअर क्लीनरला जाणारा होज तेवढा शिल्लक होता, पण तारेनं खाली ओढून बांधलेला, मध्ये झोळ पडलेला. का कापला, तर म्हणे मूळ होज मिळत नव्हता आणि "हवाच तर सोडायचीय."

त्या गाडीचा हीटर म्हणजे इंजिनाच्या पंख्याची हवा. ती एक्झॉस्टच्या गरम आवरणावरून फिरून आत येते. छोट्या फिल्टरमधून इंजिनपाशी सुटलेला वाफारा पंखा ओढून घेत होता आणि आजोबांच्या नाकाशी सोडत होता. दुसऱ्या होजच्या झोळात पाणी साचून थंडीत गोठत होतं. वाट बंद झाली की टाकीत उपसलेल्या हवेचा दाब वाढे आणि तेल भरायच्या झाकणाच्या कडेनं बाहेर येई. डाग तिथला. अण्णांचं वाक्य मला तिथे, उणे चार अंशांत, शब्दशः आठवलं.

कापलेल्या होजचा तुकडा आजोबांनी जपून ठेवला होता. वळणावर, जिथे रबर ताणलेलं असतं तिथेच, आडवे तडे. हागेन-स्मिटांच्या पट्टीवर पडायचे तसे. हवेत ओझोन वाढू नये म्हणून जी नळी बसवायची, तिलाच ओझोन खातो. रबराच्या होजचं आयुष्य ठरावीक असतं आणि तो बदलायचाच असतो, हे लक्षात न घेतल्यामुळे गाड्यांची मूळ रचना उखडली जाते. मला याचं खरोखर वाईट वाटतं. त्या रेखाटनाच्या पाठीशी माणसांनी महिनोन्महिने बाकावर काढलेले असतात. मी स्वतः काढलेत.

पुढच्या वर्षाचा होज आणून पाहिला, पोचला नाही. शेवटी तेल आणि उष्णता सोसणारा, आत जाळी असलेला सरळ होज घेतला आणि दोन कठीण वळणांसाठी ॲल्युमिनियमच्या वाकवलेल्या नळ्या वापरल्या. सरळ होज जबरदस्तीनं वाकवला की आतून दबतो आणि वाट अर्धी होते. आतला व्यास मूळ होजपेक्षा कुठेही कमी होऊ दिला नाही. एक्झॉस्टपासून अंतर ठेवलं. टाकीकडून एअर क्लीनरकडे जाणारी वाट सलग चढती ठेवली, म्हणजे नळीत थंड होऊन जे काही पाझरेल ते उतारानं टाकीत परत येईल. सगळ्यात जास्त वेळ गेला क्रँककेसवरच्या ब्रीदरच्या गॅस्केटला. ते इतक्या अडचणीत आहे की इंजिन खाली उतरवल्याशिवाय नीट हात पोचत नाही. शेजारीच ऑइल थर्मोस्टॅट आणि प्रेशरचा स्विच, तेही गळण्यासाठी प्रसिद्ध. उतरवलंच आहे तर तिघांची सीलं बदलली.

मग मोजमाप. जुन्या झाकणाला भोक पाडून पारदर्शक नळी लावली, ती इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून त्यात पाणी भरलं. इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला पाणी जेमतेम बोटभर हललं, आणि हललं ते ओढीच्या बाजूला. म्हणजे टाकी बाहेर दाब टाकत नव्हती, एअर क्लीनर हलकेच ओढून घेत होता. आजोबा पाण्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं गाडी चालवली, पण हे कधी पाहिलं नव्हतं म्हणाले.

तेल किती आहे तेही त्यांना नव्यानं समजावलं. या गाडीची गेज काडी बघायची ती गाडी सपाटीवर, इंजिन पूर्ण गरम आणि चालू असताना. बंद गाडीत तेल हळूहळू टाकीतून पोटात झिरपतं, काडी कोरडी दिसते आणि माणूस घाबरून आणखी ओततो. मग टाकी वरपर्यंत भरते, वाफाऱ्याऐवजी तेलच होजमधून एअर क्लीनरमध्ये जातं आणि मागे निळा-पांढरा धूर. इंजिन गेलं असं समजून कितीतरी गाड्या अशा वेळी विनाकारण उघडल्या गेल्यात.

शर्यतीच्या गाड्यांचं उदाहरण देऊन काही जण होज बाहेर सोडण्याचं समर्थन करतात. ते चूक आहे. शर्यतीतही टोक मोकळं सोडता येत नाही. उघडा ब्रीदर असेल तर त्यापुढे तेल धरणारी टाकी लावायलाच हवी असा आंतरराष्ट्रीय नियम आहे: २००० सीसीपर्यंत किमान २ लिटरची, त्यापुढे ३ लिटरची, आणि आतलं तेल बाहेरून दिसलं पाहिजे. कारण साधं आहे. पुढच्या गाडीचं तेल ट्रॅकवर सांडलं तर मागचा घसरतो. आणि त्या टाक्या प्रत्येक शर्यतीनंतर रिकाम्या करणारा माणूस तिथे असतो. रोजच्या रस्त्यावर तसा कुणी नसतो.

पुण्या-मुंबईत आता जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणारी बरीच तरुण मंडळी आहेत, काही जण मला फोटो पाठवून विचारतात. रंग मूळचा, सीटचं कापड मूळचं, चाकांच्या टोप्याही शोधून आणलेल्या, आणि ब्रीदरचा होज मात्र गाडीखाली लोंबत सोडलेला. त्यांना माझी विनंती एवढीच आहे. गाडी घ्याल त्या दिवशी इंजिन गरम करा, झाकण काढा, तोंडावर तळहात धरा. मग इंजिन बंद करून गार होऊ द्या आणि होज बोटानं चाचपत शेवटपर्यंत जा. तडा दिसला तर होज बदला, झोळ दिसला तर वर उचला, आणि दुसरं टोक रस्त्याकडे उघडं असेल तर त्या गाडीच्या मूळ पुस्तकातला आराखडा काढून ते जिथे असायला हवं तिथे आधी जोडा. रंगाचं नंतर बघा.